संध्याकाळी सगळी पाखरं एकाच झाडावर का जमतात? (हिवाळी थवे आणि रातथारे, म्हणजे पाखरांच्या रात्री झोपायला जमायच्या जागा)

सांजवेडा
मंडळी, गेले तीन आठवडे मला एक वेड लागलंय. तळ्याच्या काठावर एक जुना वड आहे, रोज संध्याकाळी पाच-सव्वापाचला मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहतो. पहिल्या दिवशी सहज थांबलो होतो, आता गेलो नाही तर चैन पडत नाही.

दिवसभर भोरड्या (म्हणजे हिवाळ्यात येणाऱ्या गुलाबी मैना) कुठं कुठं पांगलेल्या असतात. ऊन कललं की वीस-पंचवीसच्या टोळ्या यायला लागतात, पण थेट वडावर जात नाहीत. आधी शेजारच्या निष्पर्ण झाडावर आणि तारांवर बसतात, पिसं साफ करतात, मग दुसरी टोळी येते, तिसरी येते, मग एक उठली की सगळ्याच उठतात, एक चक्कर मारतात आणि परत तिथंच बसतात. असं चार-पाच वेळा होतं. मग एकदम अख्खा थवा वडात घुसतो आणि बाहेर एकही उरत नाही. त्यानंतर वीस मिनिटं असा कलकलाट की शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं, आणि अंधार दाटला की दोन मिनिटांत चिडीचूप.

काल मात्र सगळ्या उठल्या, दोन चकरा मारल्या, वडाकडं फिरकल्याच नाहीत. सरळ तळ्यापलीकडच्या पाणकणसात, म्हणजे पाण्यातल्या उंच गवतात उतरल्या. मी येडा होऊन बघत बसलो.

तर मला हे विचारायचंय की दिवसभर वेगळ्या राहणाऱ्या पाखरांना झोपायला एकत्र का यावं लागतं, आणि कुठं झोपायचं हे ठरवतं कोण? आणि हजारात असतील तर मोजायच्या कशा? जाणकारांनी लिहा, आणि ज्यांनी असं काही पाहिलंय त्यांनी पण लिहा.

पाणकणीस
वा, छान विषय! मी पण वाचतेय.

दुर्बीण८बाय४२
सांजवेडा, तुम्ही जे लिहिलंय ना की आधी दुसऱ्याच झाडावर बसतात, ते फार महत्त्वाचं आहे. बरेच लोक नुसतं शेवटचं झाड बघतात. झोपायच्या आधीचा हा जो जमाव असतो तो जवळजवळ सगळ्या रातथाऱ्यांवर दिसतो, कावळ्यांचा दिसतो, साळुंक्यांचा दिसतो, धोबी पक्ष्यांचा तर हमखास.

एकत्र येण्याची कारणं ढोबळमानानं तीन सांगतात. पहिलं सुरक्षितता. हजार डोळे असले की ससाणा आधी दिसतो, आणि हजारात आपलाच नंबर लागण्याची शक्यता कमी. दुसरं ऊब. तिसरं सगळ्यात मजेशीर, ते म्हणजे बातमी. १९७३ साली पीटर वॉर्ड आणि आमोत्झ झहावी या दोघांनी असं मांडलं की रातथारा म्हणजे खबरांचा अड्डा आहे. ज्याला आज पोटभर मिळालं नाही तो सकाळी पोट भरलेल्याच्या मागं उडतो. आपल्यासारखं बोलून सांगायची गरजच नाही, कोण ठाम उडतंय आणि कोण घुटमळतंय एवढं कळलं तरी पुरे.

गणितवाला
खबरांचा अड्डा ही कल्पना ऐकायला गोड आहे पण सगळीकडे लागू पडत नाही हो. बऱ्याच जणांनी तपासली आणि बऱ्याच ठिकाणी पुरावा मिळाला नाही. भोरड्या तर दिवसाही टोळीनंच हिंडतात, त्यांना रात्री वेगळी बातमी कशाला हवी? माझं मत विचाराल तर सुरक्षितता हेच मूळ, बाकीचं वरकड.

दुर्बीण८बाय४२
गणितवाला, सगळीकडे नाही हे मान्य. पण रेव्हनवर झालेलं काम बघा. रेव्हन म्हणजे कावळ्याच्याच कुळातला एक मोठा पक्षी. अमेरिकेत मेनच्या जंगलात बर्न्ड हाइनरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रेव्हन पकडून ठेवले, म्हणजे आसपास कुठं काय खायला आहे हे त्यांना ठाऊकच नाही. मग ते रातथाऱ्याजवळ सोडले. दुसऱ्या सकाळी ते बाकीच्यांच्या मागोमाग मेलेल्या जनावरापर्यंत पोचले. हे जनावर म्हणजे एका जागी आणि थोडे दिवस टिकणारं अन्न. असं अन्न असेल तिथं बातमीला किंमत येते. गवतातल्या टोळांसाठी कदाचित तेवढी नसेल. म्हणून मला वाटतं एकच कारण शोधणं चुकीचं आहे, पक्षी बदलला की कारणांचं वजन बदलतं.

गणितवाला
वजन बदलतं हे पटलं.

मातीचा वास
आमच्या भागात यांना नुसतं भोरड्या म्हणत नाहीत, "भोरड्या पडल्या" म्हणतात, टोळधाड पडावी तसं. ज्वारी दाण्यात आली की यांचे ढग उतरतात. लहानपणी मी माचाणावर बसून गोफण फिरवलीय, दगड सुटला की अख्खा थवा उठायचा आणि दोन शेतं सोडून परत बसायचा. तेव्हा राग यायचा. पण माझा आजा मारू द्यायचा नाही, नुसत्या उठवायच्या. तो म्हणायचा, या दाणा खातात ते दिसतं, नाकतोडा खातात ते दिसत नाही. नंतर वाचलं तेव्हा कळलं की मध्य आशियात जिथं या अंडी घालतात तिथं त्यांची वीण टोळांच्या भरवशावरच असते. म्हातारा बरोबर होता.

निशिगंधा_प
मला भोरड्यांचं माहीत नाही पण वेड्या राघूंचं (पोपट नव्हे, ते माश्या पकडणारे बारके हिरवे पक्षी) सांगते. आमच्या मागच्या कुंपणाला एक बारीक फांदी आहे, हिवाळ्यात तिच्यावर वेडे राघू झोपायला येतात. एकाच फांदीवर, एकाच दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा लावून. मी खिडकीतून आठ-दहा फुटांवरून बघते. एक दिवस नीट बघितलं तर सतरा होते आणि टोकाच्याला नीट जागाच नव्हती. तो काय करतो, टोकावरून उडतो, सगळ्यांच्या पाठीवरून जातो आणि मधोमध दोघांच्या फटीत स्वतःला खुपसतो! मग अख्खी रांग दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच सरकते, नवीन टोकाचा कुरकुरतो, थोड्या वेळानं तोही तेच करतो. हे अंधार पडेपर्यंत चालतं. शेवटी पिसं फुगवून सगळे असे चिकटतात की सतरा चोची मोजल्या तरच सतरा पक्षी आहेत हे कळतं.

म्हणून माझं मत उबेला.

पाणकणीस
निशिगंधा, केवढं सुंदर लिहिलंयस. डोळ्यासमोर आली ती रांग.

दुर्बीण८बाय४२
निशिगंधाताई, हे मधे घुसणं म्हणजे उबेचीच मारामारी. युरोपातल्या लांबशेपटी टिट नावाच्या इवल्याशा पक्ष्यातही असंच असतं, वरचढ असतात ते मधली जागा पटकावतात आणि दुबळे टोकाला राहतात. टोकाच्याची एक बाजू रात्रभर उघडी. जितका पक्षी लहान तितकी त्याची उष्णता लवकर जाते, त्यामुळे बारक्यांना हे फार लागतं. रेन नावाचा अजून एक बारका पक्षी आहे, एरवी भांडखोर आणि एकलकोंडा, पण इंग्लंडमधल्या एका कडक हिवाळ्यात घरट्यासाठी लावलेल्या एकाच पेटीत ६१ रेन मोजले होते.

ओंकार_वाटसरू
६१??? पेटी केवढी होती?

दुर्बीण८बाय४२
छोट्या पक्ष्यांसाठी लावतात तसलीच, हाताच्या ओंजळीपेक्षा थोडी मोठी धरा. थरावर थर रचून बसले होते.

गणितवाला
मोजणीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. सांजवेडा, झाडावर बसलेले पक्षी मोजायच्या भानगडीत पडू नका, पानाआड काहीच दिसत नाही. येताना मोजा. एक रेष पकडा, समजा तारेचे दोन खांब, आणि त्या रेषेवरून जाणारेच मोजायचे. लहान टोळी असेल तर एकेक. मोठी असेल तर आधी दहा मोजा, ते दहा डोळ्यात साठवा, मग त्या मापानं शंभर कसे दिसतात ते बघा आणि शंभराच्या पट्टीनं पुढं सरका. दर पाच मिनिटांनी आकडा वहीत लिहा, शेवटी बेरीज. मागच्या बाजूनं येणारे निसटतात, म्हणून दोघं असाल तर एकानं उलट दिशेला तोंड करून उभं राहायचं.

आणि फोटो काढून घरी पडताळा, खरंच डोळे उघडतात. मला एकदा छातीठोक वाटलं होतं की ८०० आहेत. फोटोवर ठिपके देत गेलो तर १९०० च्या वर गेले. माणूस मोठ्या थव्याला जवळजवळ नेहमी कमीच धरतो.

ओंकार_वाटसरू
मी पहिल्यांदाच लिहितोय इथं. थव्याचे ते आकाशात आकार बदलतात तसले व्हिडिओ बघून मला एक शंका होती, त्यांचा कुणी म्होरक्या असतो का? एवढ्या वेगात एकमेकांवर आपटत कसे नाहीत?

गणितवाला
माझ्या आवडीचा विषय काढलात. म्होरक्या नसतो. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या संगणकवाल्यानं दाखवलं की तीन साधे नियम दिले तरी पडद्यावरचे ठिपके थव्यासारखे वागतात. शेजाऱ्यावर आदळू नको, शेजारी जिकडं चाललाय तिकडं जा, आणि फार लांब पडू नको. झालं.

पण खरे पक्षी नक्की काय करतात ते रोममध्ये मोजलं. तिथं हिवाळ्यात युरोपातली मैना, स्टार्लिंग, लाखांनी येते, ती आपल्या भोरडीची जवळची नातलग. शास्त्रज्ञांनी छपरावर कॅमेरे लावून हजारो पक्ष्यांची हवेतली जागा काढली आणि २००८ मध्ये निष्कर्ष आला की प्रत्येक पक्षी फक्त सहा-सात जवळच्या शेजाऱ्यांकडं लक्ष ठेवतो. ते किती मीटरवर आहेत याच्याशी मतलब नाही, सहा-सात जण हवेत. त्यामुळे थवा विरळ झाला तरी तुटत नाही आणि दाट झाला तरी गोंधळत नाही. त्या गटातले जॉर्जिओ पारिझी, त्यांना २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, नुसत्या पक्ष्यांसाठी नाही, एकूणच असल्या गुंतागुंतीच्या गोष्टींवरच्या कामासाठी. पण मला आपलं फार बरं वाटलं होतं तेव्हा.

ओंकार_वाटसरू
सहा-सातच! म्हणजे दहा हजारांतल्या कुणालाच अख्खा थवा कसा दिसतोय ते माहीत नसतं. तो फक्त खाली उभ्या असलेल्या आपल्याला दिसतो. हे वाचून अंगावर काटा आला.

भटकी_मीरा
ससाणा आला की काय होतं ते कुणी प्रत्यक्ष पाहिलंय का? मी एकदाच पाहिलंय. बहिरी ससाणा वरून सुटला आणि थव्यातून एक काळी लाट सरकत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, पाण्यात दगड टाकल्यावर जाते तशी. मला आधी वाटलं सावली पडली. मग कळलं की पक्षी एकामागोमाग एक अंग कलवतात, पंखांची पूर्ण रुंदी आपल्याकडं येते म्हणून तेवढा पट्टा गडद दिसतो. ससाणा तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा रिकामा गेला. चौथ्यांदा एक भोरडी थोडी मागं पडली होती. बास. थवा लगेच मिटला, मधे भोक पडलंच नव्हतं असा.

दुर्बीण८बाय४२
मीरा, जबरदस्त. लोकांनी पाठवलेल्या नोंदींवरून यावर अभ्यासही झालाय, २३ देशांतून ३००० च्या वर थव्यांच्या नोंदी आल्या होत्या. शिकारी पक्षी आसपास असला की थवे मोठे आणि जास्त वेळ हवेत, असं त्यात निघालं. म्हणजे ज्याला आपण नाच म्हणतो तो बऱ्याच वेळा भीतीतून आलेला असतो.

सांजवेडा, यावरून तुमच्या कालच्या गोष्टीकडं येतो. सहसा रातथारा उगाच हलत नाही. वडात कुणी बसलंय का बघा. किंवा फांदी कुणी तोडली, खाली दिवा लावला, असलं काही झालंय का.

सांजवेडा
दिवा नाही, तोड पण नाही. वडात नीट बघायचं सुचलंच नाही मला! उद्या लवकर जातो.

कोपऱ्यातला
एक वेगळा मुद्दा. हे सगळं छान आहे पण आमच्या इमारतीसमोरच्या झाडावर चारशे साळुंक्या आणि तेवढेच पोपट झोपतात. खाली गाडी लावता येत नाही, चालायला जमत नाही, वास येतो. रहिवाशांनी फांद्या छाटायचं ठरवलंय. मला स्वतःला पक्षी आवडतात पण मी विरोध काय म्हणून करू?

निशिगंधा_प
कोपऱ्यातला, त्रास खरा आहे, तो नाकारत नाही. पण फांद्या छाटल्या तर ते गायब होत नाहीत हो, पुढच्या झाडावर जातात आणि कुरकुर तिकडं सुरू होते. हिवाळ्याचे थोडे महिने गाड्या दुसरीकडं लावणं जमेल का ते विचारून बघा.

दुर्बीण८बाय४२
त्यात एक काळजीची गोष्ट. जुन्या रातथाऱ्याखाली विष्ठेचा थर साठला असेल तर तो वाळलेला असताना झाडू नका. त्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते आणि धूळ श्वासातून फुफ्फुसात जाते. आधी पाणी मारून ओला करायचा, मास्क लावायचा, मग काढायचा. सफाई करणाऱ्या माणसाला हे सांगा, त्याला कुणी सांगत नाही.

कोपऱ्यातला
हे माहीत नव्हतं. आमच्याकडं रोज सकाळी कोरडंच झाडतात. आजच सांगतो. छाटणीचं रविवारच्या बैठकीत काढतो.

मातीचा वास
कावळ्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही की. कावळ्यांची शाळा भरली म्हणतात ते काय उगाच? तिन्हीसांजेला एवढा गोंगाट कशासाठी करतात ते सांगा कुणीतरी.

दुर्बीण८बाय४२
काका, शाळेचं म्हणाल तर ती सकाळी सुटते कशी त्यावर मस्त काम झालंय. कावळ्याच्याच कुळातल्या जॅकडॉवर, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, २०२२ साली छापून आलं. पहाटे एक-दोन ओरडतात, मग दहा, मग आवाज चढत जातो आणि एका पातळीला पोचला की शेकडो पक्षी काही सेकंदांत एकदम उठतात. संशोधकांनी ध्वनिमुद्रित आवाज लावून तो चढाव मुद्दाम वाढवला तर थवा नेहमीपेक्षा काही मिनिटं आधी उठला. म्हणजे गोंगाट हेच मतदान. कुठं जायचं नाही, पण कधी निघायचं हे आवाजावर ठरतं.

संध्याकाळच्या गोंगाटात जागेवरून भांडणं बरीच असतात. साळुंक्यांना दुर्बिणीतून बघा, प्रत्येक फांदीवर कुणीतरी कुणाला तरी हुसकवत असतं.

भटकी_मीरा
सगळे रातथारे झाडावरच असतात असं समजू नका हं. गुजरातेत वेळावदरला मी भोवत्यांचा रातथारा पाहिला, तो चक्क जमिनीवर, गवतात. भोवत्या म्हणजे ती माळावर जमिनीलगत तरंगत फिरणारी सडपातळ शिकारी पाखरं, हिवाळ्यात लांबून येतात. जगातल्या सगळ्यात मोठ्या भोवत्या-रातथाऱ्यांपैकी तो एक. सूर्य टेकला आणि चारही बाजूंनी एकेक यायला लागला. दिवसभर एकट्यानं शिकार करणारे पक्षी, पण झोपायला दीडशे पावलांच्या पट्ट्यात शेकडो. गवतात बसले की दिसेनासे होतात, अंधार पडल्यावर तिथं काही आहे असं सांगूनही कुणी मानणार नाही. आवाज जवळजवळ नाहीच. मातीचा वास, तुमच्या कावळ्यांच्या अगदी उलट.

पाणकणीस
घुबडं पण जमतात ना? सर्बियातल्या किकिंडा गावात लांबकानी घुबडं भर चौकातल्या झाडांवर शेकड्यांनी असतात असं वाचलंय. ती मात्र दिवसा झोपायला येतात.

गणितवाला
हो. आणि संख्येचाच विषय निघालाय तर ब्रॅम्बलिंग नावाच्या चिमणीएवढ्या पक्ष्याचं सांगतो. १९५१-५२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये थुनजवळ त्यांचा रातथारा होता, त्याचा अंदाज ७ कोटीपर्यंत देतात. बीच नावाच्या झाडाच्या बिया त्या वर्षी उदंड आल्या होत्या. हा आकडा शंभराच्या पट्टीनं मोजलेला नाही हे उघड आहे, पण अर्धा धरला तरी डोकं चालत नाही.

ओंकार_वाटसरू
फोटोबद्दल विचारायचं होतं. अंधारात फ्लॅश मारला तर चालतो का?

निशिगंधा_प
नको. हात जोडून सांगते. एकदा एका पाहुण्यानं माझ्या त्या फांदीवर बॅटरी मारली, सगळे अंधारात उडाले, त्यांना परत फांदी सापडेना, एक भिंतीवर आपटला. सकाळी फांदीवर अकराच होते. थंडीच्या रात्री एकदा जागा सुटली की लहान पक्ष्याला ती महागात पडते. उजेड आहे तोवर काय काढायचं ते काढा.

ओंकार_वाटसरू
समजलं. नाही मारणार.

सांजवेडा
परत आलोय, जरा उशीर झाला. सलग पाच दिवस बघून मगच लिहायचं ठरवलं होतं.

आधी वडाचं. दुर्बीणराव, तुम्ही बरोबर होतात. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला गेलो, वडाखाली फिरलो. एका पारंबीजवळ पिसांचा पुंजका पडला होता, काळी पिसं आणि मधे दोन-तीन मळकट गुलाबी. वर बघितलं तर आतल्या जाड फांदीवर, खोडाला चिकटून, शिक्रा, म्हणजे छोटा शिकारी पक्षी. हालचाल नाही, फक्त मान फिरवून माझ्याकडं बघितलं. तांबडे डोळे. तो पाचपैकी चार दिवस तिथंच, त्याच फांदीवर होता. भोरड्या चारही दिवस पाणकणसात गेल्या.

एक दिवस तो नव्हता तरी वडात गेल्या नाहीत. म्हणजे तो दिसला म्हणून नाही, झाडच नको झालं असावं.

मग म्हटलं सकाळी पण बघू. पहाटे पावणेसहाला पोचलो. धुकं होतं, पाणकणीस दिसत नव्हतं, नुसता आवाज. जॅकडॉचं जे लिहिलंय तुम्ही अगदी तसंच, आधी तुरळक, मग चढत चढत गेला आणि एकदम तुटला. त्या शांततेनंतर पंखांचा आवाज आला, मोठं कापड फाडल्यासारखा. पण सगळ्या एकदम नाही गेल्या! पहिला थवा गेला, तीन-चार मिनिटं काही नाही, मग दुसरा, परत थांबून तिसरा. एकूण सहा खेपा. आणि पाणकणसाचे दांडे, ज्यांच्यावर त्या रात्रभर होत्या, ते उड्डाणानंतर बराच वेळ हलत होते.

गणितवाला, तुमच्या पद्धतीनं मोजल्या. खेपा वेगवेगळ्या असल्यामुळं सकाळीच सोपं गेलं. ३४००. संध्याकाळी येताना मोजलेला आकडा २६०० होता.

गणितवाला
मागच्या बाजूनं आलेल्या ८०० निसटल्या असणार! सकाळचाच धरा. वहीत वेळ आणि ढग होते का ते पण लिहीत चला, ढगाळ दिवशी लवकर येतात.

मातीचा वास
आता पळस फुलंपर्यंत बघत राहा. फुलांतला रस प्यायला लागल्या की त्यांची डोकी परागांनी पिवळी होतात. मग एप्रिलच्या सुमाराला एक दिवस जाल आणि कुणीच नसेल.

सांजवेडा
काका, तोवर रोज जाणार. उद्या मागच्या बाजूला उभं राहायला कुणीतरी हवंय, बायको येते म्हणालीय. शिक्रा असला तर त्याचीही वेळ टिपतो.

पाणकणीस
उद्याचा आकडा रात्रीच टाका, वाट बघतेय.